पोहण्याच्या मास्तरांचा वॉकर

१

मास्तरांचा वॉकर चोरीला गेला हे ऐकून कवायतबाई आधी हसल्याच. घरात टीव्ही होता, मुलाची नवी सायकल होती, सुनेचा मिक्सर होता. ते सगळं सोडून चोराने नेलं काय, तर म्हाताऱ्या माणसाने धरून चालायचा चार पायांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा.

"चोराचंच कंबरडं मोडलं असणार," त्या म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मास्तर खिडकीजवळच्या हातांच्या लाकडी खुर्चीत बसले होते आणि बाहेर बघत होते. त्यांची धाकटी बहीण, जी या दुखण्यात त्यांच्या सोबतीला राहायला आली होती आणि जिला घरातले सगळे आत्या म्हणत, ती त्यांच्या मांडीवरचा टॉवेल उगाचच सारखा करत होती.

कवायतबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या फिजिओथेरपिस्ट. पण हा शब्द कवळी लावून उच्चारायला गेलं की कवळीच बाहेर येते, असा त्यांच्या पेशंटांचा अनुभव होता. त्यामुळे त्यांचं नाव कवायतबाई पडलं, आणि त्यांनाही ते आवडलं. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, चालवायचं, हे त्यांचं काम. स्वभाव बोलका आणि आवाज चढा. मास्तरांवर मात्र त्यांचा खास जीव होता, कारण लहानपणी पाण्याला घाबरून तलावाच्या कठड्याला चिकटून बसलेल्या या बाईला मास्तरांनीच सोडवून पोहायला शिकवलं होतं. अर्धं गाव त्यांच्या शिट्टीवर पाण्यात उतरलं होतं.

आता मास्तर स्वतःच कठड्याला चिकटले होते. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सर्जन निघताना स्वच्छ बोलले होते, "हाड मी जोडलंय, पाय तुम्हाला जोडायचेत. या महिन्यात चालले तर चालले. नाहीतर पलंग कायमचा."

पहिल्या दिवशी कवायतबाईंनी प्रत्येक घरात म्हणतात तेच इथे म्हटलं होतं, "हे एकदा स्वतः चालायला लागले ना आत्या, की मग तुमची सुटी!" सगळे हसले होते. आत्या सर्वांत जास्त हसली होती.

सुरुवात झकास झाली होती. मास्तर दारापर्यंत जाऊन आले होते. आणि आता महिना सरत आला असताना वॉकर गायब.

एरवी बाई सकाळी येत. आज दुसऱ्या एका पेशंटने नाही सांगितलं म्हणून त्या न कळवता दुपारीच आल्या होत्या. बेल वाजवल्यावर दार उघडायला आत्याला बराच वेळ लागला होता.

"बरं, वॉकर नाही तर नाही. मी आहे ना! उठा मास्तर." बाईंनी त्यांना काखेत हात घालून उठवायला घेतलं. शर्टाच्या बाह्या वर सरकल्या.

दोन्ही हातांवर, मनगटाच्या वर, एकेक रुंद लालसर पट्टा उमटला होता.

२

कवायतबाईंनी बाही पुन्हा खाली सारली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. त्यांना ओळखणाऱ्या कोणालाही ही मोठीच बातमी वाटली असती.

म्हातारी माणसं पडतात, आपटतात, त्यांच्या नडग्यांवर नि कोपरांवर काळंनिळं होतं, हे त्या रोज बघत. पण पडणारा माणूस दोन्ही हातांवर एकाच जागी, एकाच मापाचा पडत नाही.

"मास्तर, हे काय झालं?"

"कुठे काय? दादा धडपडला असेल," आत्या म्हणाली.

विचारलं भावाला, उत्तर दिलं बहिणीने. आणि बाईंच्या लक्षात आलं की गेला महिनाभर हे असंच चाललं आहे. दादाला भूक नाही, दादाचं दुखतंय, दादा झोपलाय. आणि आपणही आल्या आल्या "काय म्हणतायत मास्तर?" असं मास्तरांच्या डोक्यावरून आत्यालाच विचारत आलो. माणूस समोर बसलेला असताना!

"आत्या, जरा तेल कोमट करून आणता?"

आत्या उठली, पण दाराशी जाऊन दोनदा वळून बघून गेली. बाई मास्तरांच्या समोर खाली बसल्या, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये.

"मास्तर, या घरात तुम्हाला कोणाची भीती वाटते का?"

मास्तर हसले. "बाई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"मासा कोण?"

स्वयंपाकघरात भांडं वाजलं. मास्तरांनी ओठ मिटले. त्यांचा हात सवयीने छातीवर गेला आणि रिकामाच परत आला. तिथे कायम असणारी शिट्टी आज नव्हती. ती समोरच्या भिंतीवर खिळ्याला लटकत होती, बसल्या माणसाचा हात पोचणार नाही इतकी लांब.

३

सकाळ झाली तशा बाई हजर. या वेळी मास्तरांना अंघोळ घालायला पैलवान येत असे. हा खरोखरच पैलवानासारखा दिसणारा केअरटेकर. हात केवढे, तर मास्तरांचं डोकं पुसताना ते टॉवेलात आहे की हातात हे कळू नये.

तो निघताना बाईंनी त्याला पायरीवर गाठलं. "हल्ली मास्तरांना उठवताना जोर लागतो का रे?"

"लागणारच. आठवड्यापूर्वी स्वतः उठायचे. आता पाय लटलट कापतात." मग त्याने बाईंकडे रोखून पाहिलं. "मॅडम, सरळ विचारा ना. हाताला काय झालं असं विचारायचंय ना?"

"तू पाहिलंस?"

"काय पाहिलं? आज आल्यापासून आत्याबाई 'दादाच्या हाताला लागलंय' म्हणत माझ्या हातांकडे बघून सुस्कारे सोडतायत. मी काय केलंय?" त्याचा आवाज चढला तसा चेहरा पडला. मोठी माणसं रडवेली झाली की फार केविलवाणी दिसतात.

सून कामावर निघण्याच्या घाईत गॅलरीतले कपडे काढत होती. ती एका बेकरीच्या काउंटरवर बसे. सकाळी उशिरा गेली की संध्याकाळीच परत. जीभ अशी की पाव कापायला सुरी लागू नये.

"वॉकर गेला तर गेला," ती म्हणाली. "बाबांना चालून कुठे जायचंय? पुन्हा पडले म्हणजे? मागच्या वेळी आवाज झाला ना हाड मोडल्याचा, तो माझ्या कानातून अजून जात नाही."

"म्हणजे तुम्हाला ते चालायला नकोत?"

"पडायला नकोत!" तिने कपड्यांचा गठ्ठा छातीशी धरला. "तुम्हाला काय, तुम्ही तासाभराने जाणार. आणि आत्या आहेत ना दिवसभर. त्यांच्या जिवावर तर मी नोकरी करते. बघा, तेवढं ब्लँकेट राहू द्या. ते आत्यांचं. दमट आहे म्हणतात, परवापासून वाळतंय. मला हात लावू देत नाहीत."

गॅलरीच्या कोपऱ्यात कपड्यांच्या स्टँडवर एक तपकिरी ब्लँकेट जमिनीपर्यंत पसरलं होतं. ऊन रणरणत होतं.

मुलगा बसच्या डेपोत कामाला. तो पहाटेच बाहेर पडे आणि संध्याकाळी उगवे. बाईंनी त्याला फोनवर गाठलं. "आत्या आहे म्हणून आमचं घर चाललंय, बाई," तो म्हणाला. "तिचा मुलगा सारखा फोन करतो, कधी परत पाठवताय म्हणून. मी म्हटलं, बाबा चालायला लागले की पाठवतो."

राहिली आत्या. ती भावाच्या पायाशी बसून काहीतरी लोकरीचं विणत होती. उजवी सुई चालवी आणि डावी काखेत गच्च दाबून धरी, त्यामुळे विणकाम एका बाजूला कललं होतं.

"काय विणताय?"

"मफलर. दादासाठी."

"या उकाड्यात?"

"थंडी काय, येतेच," आत्या म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि ती अशी दचकली की सुईवरचे सगळे टाके निसटून खाली आले. नंबर पाहून तिने फोन तसाच वाजू दिला.

बाईंनी मास्तरांच्या बाह्या वर केल्या. आज कसंही करून त्या खुणा नीट पाहायच्या होत्या.

खुणा नव्हत्या. दोन्ही हात स्वच्छ.

४

दिवसभर बाईंचं डोकं भणभणत होतं. म्हाताऱ्या कातडीवरचं काळंनिळं पंधरा दिवस हलत नाही. पैलवानाने दाबून धरलं असतं तर बोटांचे ठसे राहिले असते, आधी जांभळे, मग हिरवे, मग पिवळे. रात्रीत पुसली जाणारी ही कसली मारहाण? कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

संध्याकाळी त्या घरी आल्या, पाय वर घेऊन बसल्या आणि मोजे काढले. घोट्यावर मोज्याचा पट्टा उमटला होता, रुंद आणि लालसर, त्यात बारीक बारीक उभ्या रेघा. रोज उमटतो आणि चहा होईपर्यंत निघून जातो. वीस वर्षं त्या आपलेच घोटे पाहत होत्या. आज पहिल्यांदा त्यांच्या अंगावर काटा आला.

तो मार नव्हताच. ते बांधणं होतं. मऊ, रुंद, विणलेल्या कशाने तरी, खुर्चीच्या हातांना. दुपारी बांधायचं, संध्याकाळी सोडायचं. सकाळी येणाऱ्या पैलवानाला ते दिसणार नाही, आणि सकाळी येणाऱ्या कवायतबाईंनाही नाही. शिट्टी खिळ्याला, म्हणजे हाक मारायचीही सोय नाही. बेल वाजल्यावर दार उघडायला वेळ लागला होता, तो गाठी सोडायला.

दुपारी घरात कोण असतं? मुलगा नाही. सून नाही. पैलवान नाही. सगळे संशयित असे एकेक करून दाराबाहेर पडले आणि मागे राहिली ती भावाला घास भरवणारी, त्याच्या पायाशी बसून मफलर विणणारी बहीण.

"छे," बाई मोठ्याने म्हणाल्या. त्यांना आत्या मनापासून आवडत होती. पण आवडती माणसं तपासातून वगळायची असती, तर मग तपास करायचाच कशाला?

दुसऱ्या दिवशी दुपारी दार पुन्हा उशिराच उघडलं, तशा त्या आधी गॅलरीत शिरल्या आणि तपकिरी ब्लँकेट उचललं. कोरडं ठणठणीत. आणि खाली कपड्यांचा स्टँड नव्हताच. खाली चार पायांवर, आपल्या रबरी बुटांत, मास्तरांचा वॉकर निमूट उभा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

मागे पाऊल वाजलं. दारात आत्या उभी होती. हातात लोकरीच्या दोन पट्ट्या होत्या.

५

रहस्यकथेत शेवटी सगळ्यांना एका खोलीत गोळा करतात आणि गुन्हेगाराकडे बोट दाखवतात. कवायतबाईंनी तसं केलं नाही. घर लोकांचं, माणसं एकमेकांची. आपण बोट दाखवून निघून गेलो की दार लागतं, आणि त्या बंद दाराआड ज्याने सोसायचं असतं त्याच्यावरच सगळं उलटतं. हे त्यांनी पूर्वी पाहिलं होतं.

"आत्या, तुम्ही इथे बसा. मी तुमच्याशी बोलणार आहे, पण आधी मास्तरांशी," त्या शांतपणे म्हणाल्या. वॉकर उचलून त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. वॉकर मास्तरांसमोर ठेवला. मग खिळ्यावरची शिट्टी काढून त्यांच्या गळ्यात घातली.

मास्तरांनी शिट्टी मुठीत धरली. त्यांचे डोळे भरून आले.

"कळलं तर तुम्हाला."

"तुम्ही सांगितलं असतंत तर लवकर कळलं असतं."

"काय सांगू? माझीच चिमणी ती. आई गेली तेव्हा एवढीशी होती. माझ्या पाठीवर बसून तलाव पार करायची." त्यांनी नाक ओढलं. "बांधते, आणि स्वतःच रडत बसते. मी म्हणतो, अगं सोड, लघवीला जायचंय. तर म्हणते, थोडं थांब दादा, उठलास तर चालशील."

"आणि मग?"

"मग काय, बसतो तसाच ओला." पाण्यात आयुष्य काढलेला तो माणूस हे सांगताना लाजेने लहान झाला. "बाई, कोणाला सांगू नका. माझा पोरगा तिला तिच्या मुलाकडे धाडेल. तिथे तिचं काय होतं हे मला माहीत आहे."

कवायतबाईंनी नकारार्थी मान हलवली. "मास्तर, हे मी पोटात ठेवू शकत नाही. माझ्या कामात ते बसत नाही, आणि माझ्या मनातही. डॉक्टरांना आणि हॉस्पिटलच्या समाजसेविकेला मी आजच सांगणार. तुमच्या पाठीमागे नाही, तुम्हाला सांगून सांगणार. पण त्यांना काय हवं म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. हात तुमचे बांधले होते, बोलणं तुमचं."

मास्तरांनी आधी वॉकरची मूठ धरून पाहिली. मग म्हणाले, "मला बांधू नका. आणि तिला घालवू नका. दोन्ही हवंय. जमेल?"

"विचारू तरी," बाई म्हणाल्या.

६

आत्या गॅलरीत जमिनीवर बसली होती. शेजारी तिची कापडी पिशवी होती, कपडे भरून तयार.

"निघाले मी," ती म्हणाली. "पोलीस येतील का?"

"आधी मी आलेय. हात दाखवा."

आत्याने उजवा हात पुढे केला.

"डावा."

डावं मनगट बाईंनी हलकेच वळवून पाहिलं. ते अर्ध्यातच अडलं. हाड एकदा मोडलं होतं आणि वाकडं जुळलं होतं. म्हणून सुई काखेत. वीस वर्षं मनगटं वळवणाऱ्या बाईंनी हे मनगट महिनाभर डोळ्यांसमोर असून पाहिलं नव्हतं, कारण पेशंट शेजारच्या खुर्चीत होता.

"हे कोणी बसवलं?"

"कोणी नाही. आपोआप बसलं."

"आणि मोडलं? तेही आपोआप?"

आत्या फोन वाजल्यावर दचकली होती तशीच आता आवाज न होताही दचकली. मग हळूहळू बोलू लागली. मुलगा रागीट आहे. वाईट नाही, रागीट आहे. एकदा दरवाजात हात होता, त्याने दार लावलं. डॉक्टरकडे गेलं तर विचारतील म्हणून नेलं नाही. तो कामावर जाताना तिला मागच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी घालतो. उगाच कुठे जाऊ नये म्हणून.

"इथे आले आणि गेलेल्या वहिनीच्या जुन्या पलंगावर पहिल्यांदा गाढ झोपले," ती म्हणाली. "सूनबाई तोंडाने फटकळ, पण पहिला कप चहा मला देते. मग दादा चालायला लागला. आणि तुम्ही म्हणालात ना, हे चालायला लागले की माझी सुटी."

कवायतबाईंना कोणीतरी थंड पाण्यात ढकलल्यासारखं झालं.

घरोघरी वापरून गुळगुळीत झालेली ती थट्टा. लोकांना बरं वाटावं म्हणून केलेली. या बाईने ती शिक्षा म्हणून ऐकली होती, आणि सर्वांत जास्त हसली होती.

"मी दादाला दुखू नये म्हणून लोकर वापरली हो," आत्या म्हणाली.

"दुखलं, आत्या," बाई म्हणाल्या. त्या कठोर नव्हत्या, पण त्यांनी शब्दाला साखरही लावली नाही. "लोकरीने बांधलं तरी ते बांधणंच. त्यांचे पाय जवळजवळ गेले होते. आणि तुम्ही ओल्या कपड्यांत बसवलेला माणूस तुमचा दादा होता."

आत्याने तोंडावर पदराची नाही, त्या लोकरीची घडी धरली आणि ती ओक्साबोक्शी रडली. बाईंनी तिला रडू दिलं. वाकडं मनगट मात्र हातातून सोडलं नाही.

७

संध्याकाळी मुलगा आणि सून आले तेव्हा मास्तर उभे होते. वॉकर धरून, पाय थरथरत, पण उभे. जे सांगायचं ते त्यांनी स्वतः सांगितलं. आत्या भिंतीला टेकून खाली मान घालून ऐकत होती.

मुलगा पांढराफटक पडला. "आत्या, तू?" एवढंच म्हणाला आणि मटकन बसला.

सगळ्यांना वाटलं, आता सुनेची जीभ सुटणार. ती सुटलीही. "म्हणजे आत्या महिनाभर आपल्या घरात आहेत आणि त्यांचा हात मोडलेला मला माहीत नाही! आणि बाबा ओले बसतात हेही नाही! आपण सगळे काय नुसते जेवायला घरी येतो?" तिने डोळे पुसले. "आत्या कुठेही जाणार नाहीत. पण बाबांपाशी एकट्याही राहणार नाहीत. आणि त्या पट्ट्या आणा इकडे. आत्ता उसवायच्या."

समाजसेविका आली. तिने मास्तरांशी वेगळं बोलणं केलं, आत्याशी वेगळं. पैलवानाची दुपारही ठरली. बाईंनी त्याची माफी मागितली, तर तो पुन्हा रडवेला झाला. आत्याच्या मुलाच्या घराची चौकशी रीतसर सुरू झाली, आणि त्याचा फोन यापुढे आत्याने नाही, सुनेने उचलायचा असं ठरलं. तिने तो एकदाच उचलला. त्यानंतर काही दिवस वाजला नाही.

आत्यावर कोणी लगेच विश्वास टाकला नाही, आणि ते बरोबरच होतं. मास्तरांच्या खोलीचं दार उघडं राही. पण कवायतबाई आता एका घरात दोन पेशंट पाहत होत्या. आधी मास्तरांचे पाय, मग आत्याचं मनगट. प्रश्न ज्याचा त्याला, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. बोलक्या बाईंना हीच कवायत सर्वांत अवघड गेली.

उसवलेल्या लोकरीची आत्याने वॉकरच्या मुठींसाठी दोन मऊ वेष्टनं विणली. आधी तिने मास्तरांना विचारलं, घालू का? मास्तर हो म्हणाले, मगच घातली.

महिना संपला त्या दिवशी मास्तर वॉकर धरून खोलीतून निघाले, बैठक ओलांडली, दाराबाहेर पडले आणि फाटकाला हात लावून परत आले. सुनेने टाळ्या वाजवल्या. पैलवान मागे मागे दोन्ही हात पसरून चालत होता. कवायतबाईंच्या जिभेवर जुनं वाक्य आलं आणि त्यांनी ते गिळलं.

पण आत्याला ते ऐकू आलंच असावं. ती दाराच्या आड उभी होती. पिशवी हातात नव्हती, पण हात पिशवी धरल्यासारखाच होता.

"दादा," तिने विचारलं, "मग आता माझी सुटी का?"

मास्तर वॉकरवर वाकून धापा टाकत होते. त्यांनी एक हात सोडला. पैलवान पुढे धावला, त्याला त्यांनी नजरेनेच थांबवलं. गळ्यातली शिट्टी काढली आणि आत्याच्या वाकड्या मनगटाच्या हातात ठेवली.

"तलावावर नियम काय होता, चिमणे?"

"शिट्टी वाजेपर्यंत कोणी पाण्याबाहेर यायचं नाही," आत्या पुटपुटली.

"मग धर. वाजव, तुला वाटेल तेव्हा."

आत्याने शिट्टी मुठीत घट्ट मिटली. त्या घरात ती पुन्हा कधीच वाजली नाही.